‘सचिन प्लंबर सिडको’ यात आडनाव कुठलं? कॉन्टॅक्ट सेव्ह करण्याची योग्य पद्धत

तुमच्या फोनमध्ये ‘सचिन प्लंबर सिडको’, ‘जाधव सर क्लास’, ‘दूधवाले काका पंचवटी’ अशी नावं आहेत ना? नाशिककरांना यात काही चुकीचं वाटणार नाही. फोन तोच असेपर्यंत काही बिघडतही नाही. पण घरच्या दुकानाच्या ग्राहकांची यादी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, की गोंधळ सुरू. प्लंबरला ‘नमस्कार श्री. सिडको’ असा मेसेज जातो आणि उधारीची आठवण भलत्याच जाधवांना!

असं का होतं?

कॉन्टॅक्ट बहुतेक वेळा व्हीसीएफ फाइलमधून इकडून तिकडे जातात. या फाइलमध्ये नाव दोन प्रकारे असतं. एक, स्क्रीनवर दिसणारं पूर्ण नाव. दुसरं, तुकडे केलेलं: आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. आडनावाप्रमाणे यादी लावताना हे तुकडे लागतात. सगळं एकाच ओळीत लिहिलं, तर अनेक ॲप शेवटचा शब्द आडनाव धरतात.

त्यात आपल्याकडे नाव लिहायचे क्रम दोन. लग्नपत्रिकेत ‘अमोल सुनील जाधव’, पण शाळेच्या हजेरीत ‘जाधव अमोल सुनील’. हजेरीची यादी तशीच इम्पोर्ट केली, तर ‘सुनील’ आडनाव होऊन बसतं.

कुठे काय लिहायचं?

- नाव: फक्त ‘अमोल’.
- मधलं नाव: वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर राज्यात नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. त्यांच्यासाठी आई-वडिलांची दोन्ही नावं याच रकान्यात लिहा.
- आडनाव: माहीत नसेल तर रिकामं ठेवा. गावाचं नाव इथे नको.
- डॉ., ॲड.: नावाआधीच्या उपाधीत.
- काका, ताई: टोपणनावात.
- प्लंबर, क्लास: कंपनी किंवा पदाच्या रकान्यात.
- सिडको, पंचवटी: पत्त्यात.

हे रकाने दिसत नसतील, तर कॉन्टॅक्ट एडिट करताना नावाशेजारचा बाण किंवा ‘आणखी फील्ड’ दाबा. लिपीही एकच ठरवा. काही नावं मराठीत आणि काही इंग्रजीत असतील, तर यादीचे दोन भाग पडतात आणि शोधताना नाव हाती लागत नाही.

सगळी यादी आजच दुरुस्त करायची गरज नाही. आधी पाच-दहा कॉन्टॅक्ट नीट करा, एक्सपोर्ट करून दुसऱ्या फोनवर उघडून बघा. तिथे प्रत्येक नाव जागेवर दिसलं, की मग बाकीची यादी हातात घ्या. आणि हो, त्याआधी जुन्या यादीचा बॅकअप नक्की घ्या!