तूप रवाळ हवं, चॉकलेट नको

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चकली-अनारशांच्या ऑर्डरींच्या जोडीने ‘होममेड चॉकलेट्स’चे फोटो पडू लागतात. सोनेरी, लाल, जांभळ्या चमकत्या कागदात गुंडाळलेली, पोटात बदाम नाहीतर मनुका घेतलेली. महाबळेश्वरहून परतणारी मंडळीही स्ट्रॉबेरी आणि जेलीसोबत अशाच चॉकलेटांची पाव किलोची पिशवी घेऊन येतात. खायला ती वाईट नसतात. पण यातली बरीचशी चॉकलेटं काटेकोर अर्थाने चॉकलेट नसतात. यात करणाऱ्या बाईची काही चूक नाही. तिला भांडावं लागतं ते आपल्या हवेशी.

घरी चॉकलेट करायचं म्हटलं की आपल्याकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा पुण्याच्या रविवार पेठेतून ‘कम्पाऊंड’ची लादी आणली जाते. डार्क, मिल्क, व्हाइट. सुरीने तुकडे करायचे, मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचे, साच्यात ओतायचे, दहा मिनिटं फ्रीजमध्ये. झालं! हे इतकं सोपं कसं, याचं उत्तर लादीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात असतं. जिथे ‘कोको बटर’ असायला हवं तिथे बहुतेक वेळा ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ लिहिलेलं असतं. कोकोच्या बीतली मूळ चरबी नाहीच. तिच्या जागी पाम फळाच्या गरापासून किंवा बीपासून काढलेलं, घट्ट केलेलं तेल. हे तेल निमूटपणे गोठतं आणि उकाड्यातही बऱ्यापैकी तग धरतं. त्याची किंमत जिभेला मोजावी लागते. ते तोंडात पुरतं वितळत नाही, टाळूला मेणासारखा पातळ थर राहतो. त्यावर गार पाणी प्यालं की तो जाणवतो.

कोको बटरचं वागणं अगदी वेगळं. गार खोलीत ते कडकडीत घट्ट असतं आणि ३४ अंशांच्या आसपास एकदम पाघळतं. तोंडातलं तापमान असतं सुमारे ३७. वडीचा तुकडा दाताखाली ‘टक्’ करून मोडतो आणि पुढच्याच क्षणी जिभेवर वितळतो, ही सगळी करामत त्या तीन अंशांच्या फटीत होते. लोणी किंवा डालडा असा एका क्षणात आकार सोडत नाही, हळूहळू मऊ होत जातं.

गोम अशी, की कोको बटर सहा वेगवेगळ्या रीतींनी गोठू शकतं. म्हणजे त्याचे स्फटिक सहा प्रकारचे असतात. चौथ्या प्रकारचे २७-२८ अंशांनाच वितळतात. पाचव्या प्रकारचे ३४ च्या आसपास. आपल्याला हवा तो पाचवा. खरं चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं, तर सगळ्या प्रकारांची खिचडी होते. वडी मऊ राहते, चकाकी येत नाही, हातात धरली की बोटं बरबटतात आणि आठवड्याभरात वर राखाडी ठिपके उमटतात. चॉकलेट बिघडलं म्हणून ते टाकून देणारी घरं कमी नाहीत. ते ठिपके म्हणजे बुरशी नव्हे. आतली चरबी वर येऊन पुन्हा गोठलेली असते. खायला काही हरकत नाही.

हे सगळं परदेशी शास्त्र वाटत असेल, तर फळीवरच्या तुपाच्या बरणीत बघा. लोणी कढवून, गाळून, तूप ओट्यावर निवांत गार होऊ दिलं की छान रवा धरतो. तेच तूप गरम असताना फ्रीजमध्ये ढकललं तर गुळगुळीत, मेणचट होतं. लोणी तेच, कढ तोच. फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा. सावकाश गार झालं की चरबीचे स्फटिक मोठे वाढतात, घाईने झालं की बारीक राहतात. तुपाचा रवा आपण बोटांनी पारखतो, त्यावरून करणाऱ्या हाताचं कौतुक करतो. चॉकलेटात मात्र तसाच रवा धरला की ते फसलं. तिथे कण हवेत जिभेला न लागणारे आणि सगळे एकाच जातीचे. त्यासाठी जी खटपट करतात तिला टेम्परिंग म्हणतात.

घरी जमणारी तिची रीत सांगते. खरं चॉकलेट, म्हणजे पाकिटावर कोको बटर लिहिलेलं, घ्यायचं. त्याचा एक तृतीयांश भाग बारीक चिरून बाजूला ठेवायचा. बाकीचं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, म्हणजे जुने सगळे स्फटिक मोडतात. भांडं खाली उतरवून त्यात बाजूला ठेवलेला चुरा थोडा थोडा घालत ढवळत राहायचं. तो चुरा इथे विरजणाचं काम करतो: त्यात पाचव्या प्रकारचे स्फटिक तयार असतात आणि भोवतालची चरबी त्यांच्याच वळणावर गोठू लागते. डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं, मिल्क चॉकलेट २९-३० वर, की साच्यात ओतायला तयार. सुरीच्या टोकावर थोडंसं लावून पाहावं. चार-पाच मिनिटांत चकाकीसह सुकलं तर साधलं. दोनतीनशे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर या कामाला लागतोच. पाकाची तार बोटांत धरून ओळखणाऱ्या हातांनाही ३१ आणि ३४ अंशांतला फरक नुसत्या अंदाजाने कळत नाही.

पण हे सगळं करायला खोली २०-२२ अंशांची हवी. एप्रिलच्या दुपारी पुण्यातलं स्वयंपाकघर चॉकलेटच्या वितळबिंदूच्या वर असतं. नागपूरकरांचा तर विषयच सोडा. मुंबईत तापमान थोडं आवरतं, पण दमट हवा उरलीसुरली आशा मोडते. म्हणून आपल्याकडे कम्पाऊंड इतकं रुजलं, आणि मला ते समंजस उत्तर वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त दर खऱ्या चॉकलेटचा लावू नये. एक गोष्ट मात्र टाळावी. चव सुधारायची म्हणून कम्पाऊंडमध्ये थोडं खरं चॉकलेट मिसळण्याचा मोह अनेकींना होतो. या दोन चरबींचं एकमेकींशी जमत नाही. मिश्रण दोघींपेक्षाही मऊ होतं आणि त्यावर ठिपके लवकर येतात. एक तर हे, नाहीतर ते.

साच्यातली चॉकलेटं डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवली, तर उरलेल्या दहा महिन्यांत काय करायचं? इथे कोकोची पूड कामाला येते. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन यांनी १८२८ साली एका दाबयंत्राचं पेटंट घेतलं. कोकोच्या लगद्यातली बरीचशी चरबी त्याने पिळून निघू लागली आणि मागे राहिलेली पेंड दळून पूड झाली. त्याआधी शतकानुशतकं चॉकलेट म्हणजे मुख्यतः पिण्याचं पेय होतं, तेही तेलकट. निघालेल्या चरबीला गिऱ्हाईक मिळालं १८४७ मध्ये: इंग्लंडच्या फ्राय कंपनीने ती कोको आणि साखरेत परत मिसळून खाण्याची वडी बनवली. म्हणजे वडी आणि पूड ही एकाच यंत्राची लेकरं. पुडीत चरबी थोडीच असल्यामुळे सहा प्रकारच्या स्फटिकांची कटकट तिच्यात जवळपास उरत नाही. सगळा खेळ साखरेवर येतो, आणि साखरेच्या पाकात आपला हात कोण धरणार?

जुन्या पाककृतींच्या वह्यांत, शंकरपाळे आणि नारळाच्या वडीच्या मधल्या पानावर, ‘घरचं चॉकलेट’ नावाची एक कृती हमखास सापडते. एक वाटी साखरेचा पाक, दोन वाट्या दूध पावडर, दोन-तीन चमचे कोको, लिंबाएवढं लोणी. घोटायचं आणि तुपाचा हात लावलेल्या ताटात थापायचं. याला चॉकलेट म्हणणं धाडसाचं होतं, पण पदार्थ म्हणून ती कृती पक्की आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो फज आहे, लोणावळ्याच्या स्टेशनजवळच्या कूपर्समध्ये अक्रोड घालून मिळतो त्याचाच गरीब भाऊ. अमेरिकेत फजची लाट कॉलेजच्या मुलींनी पसरवली. वासार या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजात एमेलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीने १८८८ साली लिलावासाठी तीस पौंड फज केला होता आणि मग इतर कॉलेजांतल्या वसतिगृहांतही तो शिजू लागला.

फजचा पाक ११२ ते ११६ अंशांवर उतरवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर थेंब पाण्यात टाकला की मऊ गोळी वळते, तो गोळीबंद पाक. इथे एक बारकावा आहे जो वहीत क्वचितच लिहिलेला असतो: पाक उतरवल्यावर तो साधारण ५० अंशांपर्यंत, म्हणजे पातेल्याला बाहेरून हात लावता येईल इतका गार होईपर्यंत अजिबात ढवळायचा नाही. गरम असताना ढवळलं की साखरेचे थोडेच पण मोठे कण तयार होतात आणि वडी करकर लागते. गार झाल्यावर जोर लावून घोटलं की असंख्य बारीक कण एकदम उमटतात. कोको आणि लोणी घातलेलं मिश्रण चमक सोडून मंद दिसायला लागलं की थापायचं. दूध पावडरच्या कृतीत हा धीर धरायची गरज नसते, कारण पावडरीतली प्रथिनं आणि चरबी साखरेच्या कणांमध्ये आडवी येऊन त्यांना वाढू देत नाहीत. म्हणूनच ती कृती नवशिक्यांनाही साधते.

त्याहून सोपं हवं असेल तर ब्राझीलचा ब्रिगादेइरो करावा. १९४५ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले हवाई दलाचे ब्रिगेडिअर एदुआर्दो गोमेस यांच्या प्रचाराशी या गोडाचं नाव जोडलेलं आहे. गोमेस हरले, गोड टिकलं. आज ब्राझीलमध्ये त्याच्याशिवाय लहान मुलांचा वाढदिवस होत नाही. कन्डेन्स्ड मिल्कचा एक डबा, तीन चमचे कोको, एक चमचा लोणी. मंद आचेवर आटवत राहायचं, मिश्रणाने कडा सोडल्या आणि ढवळताना पातेल्याचा तळ दिसू लागला की उतरवायचं. खव्याची बर्फी केलेल्या कुणालाही हे निराळं शिकवावं लागत नाही. गार झाल्यावर हाताला तूप लावून लाडू वळायचे. भर मेमध्येही ते वितळत नाहीत, कारण त्यांचा आकार चरबीने धरलेला नसतो; आटलेलं दूध आणि साखर त्यांना धरून ठेवतात. गणपतीत याच मिश्रणाचे साच्यातले मोदक करता येतात. बाजारातल्या चॉकलेट मोदकांपेक्षा ते मला केव्हाही आवडतील.

केकबद्दल थोडक्यात. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून केलेला बिनअंड्याचा केक दही आणि खायच्या सोड्यावर फुलतो. साधी कोको पूड स्वतःच जराशी आंबट असते, त्यामुळे ती सोड्याला हातभार लावते. डब्यावर ‘डच प्रोसेस्ड’ किंवा ‘अल्कलाइज्ड’ लिहिलं असेल तर ती आंबटपणा काढून घेतलेली पूड आहे: रंग गडद, चव सौम्य, पण सोड्यासाठी उपयोगाची नाही. अशा वेळी दही सढळ घालावं किंवा बेकिंग पावडर वापरावी.

आता पाण्याकडे वळते, कारण चॉकलेटशी गाठ पडलेल्या प्रत्येकाला त्याची धास्ती असते. वितळलेल्या चॉकलेटात ओल्या चमच्यावरचे दोन थेंब पडले तरी क्षणात त्याचा चिखलासारखा गोळा होतो. साखरेचे कण ते थेंब शोषतात आणि एकमेकांना चिकटतात. लोक घाबरून ते भांडं बाजूला सारतात. खरं तर उपाय उलटा आहे: आणखी पाणी किंवा गरम दूध. पुरेसं पडलं की साखर विरघळते आणि मिश्रण पुन्हा मोकळं होतं. मग त्याच्या वड्या होणार नाहीत, पण उत्तम सॉस होतो.

गनाशचंही असंच. चॉकलेट आणि क्रीम सम प्रमाणात मिसळून केलेलं हे मिश्रण कधी कधी फाटतं, वर तूप सुटल्यासारखं दिसतं. चरबीच्या मानाने पाणी कमी पडलेलं असतं. चमचाभर कोमट दूध घालून मधोमध ढवळत गेलं की ते पुन्हा एकजीव होतं.

हेच सूत्र टोकाला नेलं हर्व्हे तीस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. त्याच्या चॉकलेट शांतिइमध्ये क्रीम नाही, अंडं नाही, लोणी नाही. फक्त चॉकलेट आणि पाणी. उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर ठेवायला याहून चांगलं गोड मला ठाऊक नाही. साठ-सत्तर टक्के कोकोचं खरं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, पाणी १८० मिलीलिटरच्या आसपास. दोन्ही एकत्र मंद आचेवर गुळगुळीत होईपर्यंत वितळवायचं, मग ते भांडं बर्फ घातलेल्या परातीत ठेवून फेटायचं. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, नुसतं काळं पाणी हलत राहतं. मग एकाएकी ते दाटतं आणि फेटलेल्या सायीसारखं उभं राहतं. तिथेच थांबायचं. चार हात जास्त मारले तर रवाळ होतं; तसं झालं तर पुन्हा वितळवून पुन्हा फेटावं. दाटतच नसेल तर पाणी जास्त झालंय, चॉकलेटचे दोन तुकडे आणखी वितळवावेत. पाण्याऐवजी काळी कॉफी किंवा संत्र्याचा रस घेतला तरी चालतो. वाट्या भरून लगेच खायला द्याव्यात. फ्रीजमध्ये ठेवायच्याच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण चॉकलेटमधली चरबी वास फार पटकन ओढून घेते आणि आपल्या फ्रीजमध्ये अर्धा चिरलेला कांदा नेहमीच असतो.