हा चित्रपट घरच्यांसोबत पाहावा काय?

दिवाळीच्या सुटीत घरी गेले असता आईने विचारले, "तू तो बर्फातला सिनेमा पाहिलास म्हणे. आपल्याला सगळ्यांना मिळून पाहण्यासारखा आहे का गं?" प्रश्न साधा होता, पण चटकन उत्तर देता येईना. 'आपण सगळे' म्हणजे आई, बाबा, सत्तरी ओलांडलेली आजी, दहावीतली मीना आणि नऊ वर्षांचा बंडू. सतरंजी एकच, पण मने निरनिराळी! त्या वेळी जे विचार सुचले ते येथे मांडते.

चित्रपट होता हुआन अंतोनिओ बायोना यांनी दिग्दर्शित केलेला 'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३). त्यातील घटना खरी आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचे विमान अँडीज पर्वतात कोसळले. विमानात ४५ माणसे होती. बहुतेक एका रग्बी संघाचे तरुण खेळाडू आणि त्यांचे आप्तमित्र. ७२ दिवसांच्या यातनांनंतर १६ जण वाचले. अन्न संपल्यावर मृत सोबत्यांच्या देहांवर त्यांना गुजराण करावी लागली. अखेर नांदो पर्रादो आणि रोबेर्तो कानेसा हे दोघे सुमारे दहा दिवस डोंगर तुडवीत चिलीच्या बाजूस पोहोचले, तेव्हा सुटका झाली.

असा चित्रपट घरात दाखवावा की नाही, हे ठरवताना आपण प्रथम प्रमाणपत्र पाहतो. अमेरिकेत याला 'आर' वर्ग मिळाला. म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांनी चित्रपटगृहात तो वडीलधाऱ्यांबरोबरच पाहावा. आपल्याकडेही २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे भाग पाडले आहेत. हे उपयोगी खरे. परंतु प्रमाणपत्राला वय कळते, घर कळत नाही.

म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. पहिला, भीषण गोष्ट दाखवली कशी? मृतदेहांचा प्रसंग येथे संयमाने हाताळला आहे. कॅमेरा बहुधा दूरच राहतो. याउलट विमान कोसळते तो प्रसंग अंगावर येतो. आसने उखडतात, हाडे मोडल्याचा आवाज कानी पडतो. हिमकड्याखाली गुदमरण्याचा प्रसंगही तसाच. दुसरा प्रश्न, हे दाखवले कशासाठी? जो जो दगावतो त्याचे नाव आणि वय पडद्यावर उमटते. मृत्यू हा येथे तमाशा नाही. आपण मेलो तर आपला देह इतरांनी वापरावा, अशी संमती हे तरुण एकमेकांना देतात, तेव्हा भीतीची जागा आदर घेतो.

तिसरा प्रश्न मात्र सर्वांत अवघड: पाहणारा कोण? गेल्या पावसाळ्यात बाबा येत होते ती बस घाटात उलटली. हात मोडण्यावर निभावले. पण बंडू अद्याप बसच्या खिडकीशी बसत नाही. लोक ज्या प्रसंगाला बिचकतात तो त्याला कदाचित समजलाही नसता. विमान कोसळण्याच्या त्या काही मिनिटांनी मात्र त्याची झोप उडवली असती.

तेव्हा ठरले असे: बंडूला मामाकडे पाठवायचे, मीनाने आमच्यामध्ये बसायचे आणि नको वाटल्यास कोणीही उठून जायचे. आजीची मला धास्ती होती. जन्मात तिने अंडेसुद्धा शिवलेले नाही! मी तिला तो भाग आधीच सांगून ठेवला. संवाद स्पॅनिश, त्यामुळे मधून मधून अर्थही सांगत होते. तो प्रसंग आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दधीची ऋषींनी हाडं दिलीच की. देणाऱ्यानं मनानं दिलं, मग पाप कसलं?" मीना मात्र हिमकड्याच्या वेळी उठून स्वयंपाकघरात गेली. तिला कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी बंडू माझ्यामागे लागला, तेव्हा ती हकिगत मी त्याला तोंडीच सांगितली. तोंडाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून थांबते, वळसा घेते. चित्रपटाला ते जमत नाही. विमानापाशी मी एकाच वाक्यात पुढे गेले. त्याने एवढेच विचारले, "आणि ते चालत गेलेले दोघं?"

"पोहोचले," मी म्हटले.

"मग ठीक," म्हणून तो खेळायला पळाला.