मालाची साखळी आणि विजेचा पाना

कडब्याने भरलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओझे बांधण्याचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. गाडीवान ओझ्यावरून चऱ्हाट टाकतो, त्याची टोके साटीला बांधतो आणि मग दोराच्या मधोमध काठी खुपसून तिला पीळ देतो. दोर नुसता बांधून भागत नाही. त्यात ताण भरावा लागतो. आज चऱ्हाटाच्या जागी पोलादी साखळी आली आहे आणि काठीच्या जागी ज्याला 'बाइंडर' म्हणतात ते साधन आले आहे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

बंगळुरात राहणाऱ्याला अवजड मालाचे दर्शन रोजच घडते. पीण्याच्या कारखान्यांतली यंत्रे आणि कोलार गोल्ड फील्ड्स येथे तयार होणारे बुलडोझर याच भागातून देशभर जातात. 2018 च्या डिसेंबरात तिरुवण्णामलै जिल्ह्यातून निघालेली एक प्रचंड शिळामूर्ती 240 चाकांच्या गाडीवरून 2019 च्या जूनमध्ये शहराच्या ईजीपुरा भागात पोचली, तेव्हा ती पाहण्यास वाटेत ठिकठिकाणी गर्दी लोटली होती. अशा असामान्य प्रवासात एकेका पावलाची काळजी घेतली जाते. खरी चिंता वाटते ती नेलमंगलच्या नाक्यावरून पुण्याकडे अथवा मंगळूरकडे रोज निमूटपणे वळणाऱ्या शेकडो साध्या गाड्यांची.

कारण गाडी थांबते, माल थांबत नाही. जोराने ब्रेक लावला असता मालाला पुढे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या आठ-दशांशापर्यंत जाऊ शकतो, असे धरून अमेरिका व युरोप येथील नियम आखलेले आहेत. म्हणजे 20 टनांचे यंत्र चालकाच्या पाठीवर 16 टनांच्या जोराने येऊ पाहते. चालकाची कोठी आणि ते यंत्र यांच्यामध्ये त्या घटकेला उभी असते ती साखळी. आणि ती सैल असेल तर माल आधी गती घेतो, मग तिला हिसका देतो. शांत ओढीला दाद न देणारी साखळी हिसक्याने तुटते.

बाइंडर दोन जातींचे. पहिला दांड्याचा. दांडा दाबून उलटा पाडला की साखळी आवळली जाते. तो स्वस्त असतो. पण साखळीतला सारा ताण त्या दांड्यात दबा धरून बसलेला असतो, आणि सोडताना तो हनुवटीवर बसतो. त्याला लांब नळी अडकवून जोर वाढवण्याची सवय तर अधिकच घातक. या जातीला विजेचे हत्यार लागू पडत नाही. दुसरा बाइंडर मळसूत्राचा. मधल्या नळीत दोन बाजूंनी उलटसुलट आट्यांचे दोन दांडे शिरतात आणि नळी फिरली की दोन्ही हुक जवळ येतात. खटक्याचा दांडा मागेपुढे हलवून ती नळी फिरवायची असते. विजेचे हत्यार उपयोगी पडते ते येथे.

जोडणीचे प्रकारही दोन आहेत. काही बाइंडरांत दातेरी चाके बसवून बाहेर षट्कोनी डोके ठेवलेले असते. त्यावर गोटी चढवून ड्रिल फिरवले की काम होते. दुसऱ्या प्रकारात साध्या बाइंडरच्या नळीला पकडणारी सुटी जोडणी मिळते. आपल्याजवळ जुने बाइंडर पुष्कळ असतील तर सुटी जोडणी परवडते. नवे घ्यायचे असतील तर अंगचेच डोके असलेले बरे, कारण सुटी वस्तू गाडीवर फार दिवस टिकत नाही, हे क्लीनर मंडळी मान्य करतील.

आता हत्यार कोणते? एस. पी. रोडवरील दुकानदार साहजिकच सर्वांत जोरकस ते पुढे करतो. येथे थोडा हिशेब करावा. हातभर दांड्यावर माणूस 30 किलोचा भार टाकतो, तेव्हा सुमारे 100 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो; घर्षणात बराच भाग खर्च होऊनही इंचभर जाडीच्या मळसूत्रातून साखळीत हजार ते दीड हजार किलोंचा ताण येतो. वाहतुकीच्या 10 मिलिमीटर साखळीची कामाची मर्यादा सुमारे 3 टन असते. ठोके देणारा, 400 न्यूटन-मीटरचा विजेचा पाना त्याच मळसूत्रावर बेफाम चालवला, तर ही मर्यादा केव्हा ओलांडली हे हाताला कळतसुद्धा नाही. शिवाय ठोक्यांनी आटे आणि खटका झिजतात ते निराळेच.

मला वाटते, बहुतेकांचा गैरसमज येथेच होतो. बाइंडर लावण्यातला वेळ शेवटचे आवळणे खात नाही. तो जातो ढिली साखळी गोळा करण्यात आणि उतरवताना सारे आटे परत सोडण्यात. म्हणून हत्यार घ्यावे ते वेगासाठी, जोरासाठी नव्हे. बॅटरीवर चालणारे, दोन गतींचे आणि बाजूला मूठ असलेले ड्रिल पुरेसे आहे. ही मूठ काढून ठेवू नये. नळी एकाएकी अडली की ड्रिल स्वतःच फिरते आणि मनगट पिरगळते. ठोक्याचा पाना मनगटाला असा झटका देत नाही, हा त्याचा खरा गुण. तो घेतलाच तर कमी जोराची पायरी असलेला घ्यावा आणि त्यावर त्याच्यासाठी घडवलेली काळी गोटीच चढवावी. हातपान्याची चकचकीत गोटी ठोक्यांनी फुटून तिचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. हवेवर चालणारा पाना टायरवाल्याकडे शोभतो. त्याच्यासाठी गाडीच्या ब्रेकची हवा वापरणे हा तर निव्वळ अविचार होय.

शेवटचे दोन-चार आटे हातानेच आवळावेत. मग दांडा मोकळा राहू नये म्हणून तो साखळीला बांधावा. एवढे करूनही माल काही काळाने बसतो आणि साखळी ढिली पडते. अमेरिकेतील नियमाप्रमाणे पहिल्या 50 मैलांच्या, म्हणजे 80 किलोमीटरच्या आत गाडी थांबवून बांधणी तपासावी लागते. बंगळूरहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला हे अंतर पुरे होण्यापूर्वीच, सुमारे 70 किलोमीटरवर तुमकूर लागते. चालक तेथे चहासाठी बहुधा उतरतोच. खाली उतरल्यावर चहाच्या आधी प्रत्येक साखळीला हात लावून पाहण्यास त्याला पाच मिनिटे लागतील.