कठीण थर आणि त्यातील तडे : हार्डफेसिंगच्या मिश्रधातूंविषयी

सुरतच्या कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील घंटीवर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘सरण’, मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्या घेते. तेलात कालवलेली हिऱ्याची पूड तिच्या बारीक छिद्रांत रुतून बसते आणि तीच पूड हिरा घासते. येथे लोखंड मऊ असणे हाच गुण होय. कतारगामहून उत्तरेस थोड्याच अंतरावर सायण येथे सहकारी साखर कारखाना आहे. तेथील उसाच्या चरकाचा रोलरही ओतीव लोखंडाचाच असतो. पण तो मिनिटाला जेमतेम तीन ते पाच फेऱ्या घेतो, आणि त्याचे दात झिजले की कारखान्याचे नुकसान सुरू होते. धातू एकच, मात्र एके ठिकाणी कण रुतून बसावेत अशी अपेक्षा, तर दुसरीकडे ते रुतूच नयेत यासाठी खटपट.

खानदेश, नंदुरबार व डांगमधून आलेल्या तोडणी मजुरांनी तोडलेला ऊस गव्हाणीत पडतो, तेव्हा त्याच्याबरोबर मुळांची माती आणि वाळूही जाते. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता व्हिकर्स मापात हजार ते अकराशेच्या आसपास असते. ओतीव लोखंड तिच्यापुढे टिकत नाही. त्यात उसाचा रस किंचित आम्ल असल्याने घासून उघडा पडलेला पृष्ठभाग गंजतो आणि गंज पुन्हा घासला जातो. दात गुळगुळीत झाले की ऊस निसटतो व चिपाडात साखर शिल्लक राहते.

यावर उपाय म्हणजे हार्डफेसिंग, अर्थात मूळ धातूवर वेल्डिंगने झीजरोधक मिश्रधातूचा थर चढविणे. एलवूड हेन्स या अमेरिकन संशोधकाला १९०७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट मिळाले. पुढे १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टूडी बंधूंनी तेलविहिरी खोदणाऱ्या अवजारांवर असे थर देण्याचा व्यवसाय वाढविला. आज सर्वाधिक प्रचार आहे तो लोह, क्रोमियम आणि कार्बन यांच्या स्वस्त मिश्रधातूचा. त्यात क्रोमियम साधारण २५ ते ३० टक्के व कार्बन ४ ते ५ टक्के असतो. थंड होताना त्यात क्रोमियम कार्बाइडचे जाड स्फटिक तयार होतात. त्यांची कठीणता सुमारे पंधराशे व्हिकर्स, म्हणजे वाळूहून अधिक.

परंतु हा थर थंड होताना आडवा तडकतो. वितळलेली धातू आकसू पाहते, खालचा थंड धातू तिला आकसू देत नाही, ताण वाढतो आणि थर साधारण एक-दोन सेंटीमीटरच्या अंतराने फुटतो. ‘खस्ता’ हा उर्दू शब्द येथे चपखल बसतो. कचोरीला तो शोभतो, यंत्राला नाही. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत या तड्यांना ‘ताण मोकळा करणारे तडे’ असे सौम्य नाव असते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. माती वाहणाऱ्या पन्हळीच्या पत्र्यावर असे तडे चालतात, कारण तेथे फक्त घासणे असते. जेथे वारंवार वाक किंवा धक्का बसतो, तेथे मात्र तडा थरातच थांबत नाही. तो मूळ धातूत उतरतो, त्यात रस झिरपतो, जोड आतून कुजतो आणि थराचे तुकडे निघून चरकात पडतात. तेव्हा तडा आहे की नाही यापेक्षा तो कोठे थांबणार, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

तडा टाळणाऱ्या मिश्रधातूंची रचना या प्रश्नातून आली आहे. त्यांत एकूण कार्बन कमी ठेवतात आणि नायोबियम, टायटेनियम किंवा व्हॅनेडियम मिसळतात. हे धातू कार्बनला आधीच धरून ठेवतात व त्यांचे अतिसूक्ष्म कार्बाइड कण थरभर विखुरतात. क्रोमियम कार्बाइडच्या लांब स्फटिकांतून तडा सहज धावतो. विखुरलेल्या बारीक कणांमधील चिवट पोलाद त्याला अडवते. कण स्वतः वाळूच्या दुपटीने किंवा त्याहून कठीण असल्याने झीजही रोखली जाते. अडचण किमतीची आहे. जगातील बहुतांश नायोबियम एकट्या ब्राझीलमधून येते. काही ठिकाणी ऑस्टेनाइटी स्टेनलेस पोलादाचा चिवट थर मध्ये देऊन तडा तेथेच अडवतात. मूळ भाग आधी तापवून घेण्याने मूळ पोलाद वाचते. क्रोमियम कार्बाइडच्या थराचे तडे त्याने थांबत नाहीत. कार्यशाळांत या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

चरकाच्या बाबतीत कारागिरांनी वेगळीच वाट काढली. गळीत हंगामात चरक थांबविणे परवडत नाही, म्हणून रोलर फिरत असतानाच त्याच्या दातांवर इलेक्ट्रोडने धातूचे सुटे थेंब बसवितात. याला कारखान्यात ‘आर्किंग’ म्हणतात. थेंब एकमेकांपासून अलग असल्याने ताण एकवटत नाही, एखादा थेंब निखळला तरी शेजारचा शाबूत राहतो, शिवाय खडबडीतपणामुळे ऊस पकडला जातो. मिश्रधातूने जे साधायचे, ते येथे थराच्या आकाराने बरेचसे साधले आहे.

मात्र हे काम करणारा वेल्डर धुराच्या अगदी जवळ असतो. क्रोमियमयुक्त इलेक्ट्रोडच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवात कर्करोग घडविणाऱ्या पहिल्या गटात घातला. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवू शकत नाही. धूर निघतो तेथूनच तो ओढून घेणारी नळी आणि योग्य गाळणीचा मुखवटा हवा. नवे मिश्रधातू निवडताना सहसा टिकाऊपणा व दर यांचीच तुलना होते. ज्यांत क्रोमियम कमी आहे अशा इलेक्ट्रोडच्या धुरात ते कमी उतरते, ही नोंदही त्या तक्त्यात असावयास हवी.