नियम सांगायचा तर कारणासकट

सकाळी ६.४५

पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गाला आज नियमपत्रक वाटायचं आहे. आमचं महाविद्यालय पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. कला शाखा सकाळच्या सत्रात भरते आणि पहिला तास साडेसातला असतो. ऑफिसातले मामा झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवून जातात. दोन पानं, सगळं मराठीत. डावीकडे नियम, उजवीकडे त्याचं कारण. कारणाची बाजू नेहमी जास्त लांबते, आणि ती लांबावी असंच मला वाटतं.

माणूस जसा वागतो तसा का वागतो, हे शोधणारा हा विषय. त्याच्याच वर्गात "नियम आहे म्हणून पाळा" असं म्हणून चालत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. कारण समजावून सांगितलं, समोरच्याला ते जड जातंय हे मान्य केलं आणि थोडी निवड त्याच्या हाती ठेवली, तर बाहेरून आलेला नियमही माणूस आपलासा करतो, असं त्यांच्या कामातून दिसलं. माझं पत्रक याच पायावर उभं आहे.

सकाळी ७.३०

वर्ग भरलेला आहे. काही मुलं पहाटेच्या एसटीने आली आहेत. बहुतेकांनी शाळेत हा विषय घेतलेला नाही, त्यामुळे अपेक्षा तऱ्हेतऱ्हेच्या. चेहरा बघून मनातलं ओळखता येईल का, संमोहन शिकवणार का, स्वप्नांचा अर्थ लावता येईल का? हे कुतूहल मी मोडून काढत नाही. त्याच्याच आधारे पहिली अपेक्षा सांगते: या वर्गात मत आणि पुरावा वेगळे ठेवायचे.

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे काम सुरू केलं. तेव्हापासून या विषयाची अट एकच राहिली आहे: म्हणणं तपासता आलं पाहिजे. उत्तरपत्रिकेत "असं म्हणतात की" एवढ्यावर गुण मिळणार नाहीत. कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, तेही लिहावं लागेल.

मग हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. तो मी फळ्यावर मांडते. एक क्रेडिट म्हणजे १५ तास, चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. त्यातले ४५ तास वर्गात हवेत. उरलेल्या १५ तासांत आजारपण, घरातलं लग्न, कांद्याची काढणी आणि बंद पडलेली एसटी हे सगळं बसवायचं. एसटी उशिरा आली तर दार वाजवायचं नाही, माफी मागायची नाही, शांतपणे येऊन बसायचं. ज्यांच्या गावाला सकाळी एकच गाडी आहे, त्यांनी तसं आजच सांगावं. वेळ पाळता न येणं आणि वेळ न पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक ओळखणं शिक्षकाचं काम आहे.

सकाळी ८.३०

दुसरा तास फोनचा. नियम साधा आहे: तास सुरू असताना फोन दप्तरात. कारण सांगताना मी शिस्तीचं नाव घेत नाही. कॅनडात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरं काही करणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत कमी गुण मिळाले. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांना त्यांचे पडदे नुसते दिसत होते, त्यांचेही गुण घसरले. तेव्हा फोन काढणाऱ्याने शेजारच्याचंही नुकसान केलेलं असतं. घरात कोणी दवाखान्यात असेल तर मला आधी सांगून फोन बाकावर ठेवायला हरकत नाही.

लक्ष कसं काम करतं हे मुलांनी स्वतः अनुभवावं म्हणून स्ट्रूपचा १९३५ सालचा प्रयोग करते. कार्डावर "लाल" हा शब्द हिरव्या शाईत आणि "निळा" पिवळ्या शाईत लिहिलेला आहे. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. पहिल्या दोन ओळींतच जीभ अडखळते, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही.

प्रयोगाआधी मात्र एक नियम येतो. भाग घेणं ऐच्छिक आहे, मधेच थांबता येतं, आणि थांबलं म्हणून एकही गुण जात नाही. हे सांगताना १९२० सालचा प्रयोग सांगावाच लागतो. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अमेरिकेत जेमतेम अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. उंदीर समोर आला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. बाळ उंदराला भिऊ लागलं, आणि ती भीती घालवण्याआधीच ते रुग्णालयातून निघून गेलं. संशोधनातल्या माणसाचा मान, हित आणि न्याय यांची तत्त्वं मांडणारा बेलमाँट अहवाल अमेरिकेत आला तो १९७९ साली. आमच्या वर्गातलं संमतिपत्रक म्हणजे याच इतिहासातून घेतलेला धडा. वर्गातली काही मुलं अजून सतराची आहेत. त्यांच्यासाठी पालकांची सहीसुद्धा लागते.

सकाळी १०.००

मधली सुट्टी. कँटीनच्या वाटेवर एक मुलगा थांबवतो. "मॅडम, मराठीत लिहिलं तर गुण कमी पडतात का?" नाही पडत. पत्रकात हे ठळक अक्षरांत आहे: उत्तर मराठीत लिहा, नाहीतर इंग्रजीत, एकाच उत्तरात दोन्ही नकोत. पारिभाषिक शब्द येत नसेल तर ती कल्पना आपल्या शब्दांत समजावून सांगा. "अभिजात अभिसंधान" हे शब्द विसरलेल्या पण घंटा ऐकताच लाळ सुटण्यामागचं नातं नीट मांडलेल्या विद्यार्थ्याला मी गुण देते. नुसते शब्द पाठ करून आलेल्याला पूर्ण गुण देत नाही.

सकाळी १०.३०

प्रात्यक्षिकाचा तास, विषय स्मृती. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दांशांच्या याद्या पाठ केल्या, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला किती मेहनत वाचली ते मोजलं. प्रयोगकर्ते तेच, आणि प्रयोग ज्याच्यावर होतो तो माणूसही तेच. १८८५ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार तासाभराने ४४ टक्के मेहनत वाचली, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. मुलं जोड्या करून मराठी अक्षरांच्या निरर्थक जुळण्यांवर हाच प्रयोग छोट्या प्रमाणात करतात.

नियमपत्रकातला सगळ्यात कडक नियम इथला आहे: जो आकडा आला तोच प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये लिहायचा. पुस्तकात जे लिहिलंय त्याच्या उलट निष्कर्ष आला तरी तोच लिहायचा. "मॅडम, आमचं चुकलं, आलेख वरच जातोय," असं एक जोडी म्हणते. मी त्यांना तो आलेख तसाच काढायला लावते आणि असं का झालं असावं याची तीन कारणं खाली लिहायला सांगते. याद्या सारख्या अवघड होत्या का? मधल्या वेळात मनात उजळणी झाली का? आवाजाचा त्रास झाला का? पूर्ण गुण या विचाराला आहेत.

हा कडकपणा का, तेही सांगते. मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास वेगवेगळ्या संशोधकांनी नव्याने करून पाहिले, त्याचे निकाल २०१५ साली आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकी कसोटीला उतरले होते. पुन्हा करताना हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. कारणं अनेक आहेत, सगळीकडे लबाडी होती असं मुळीच नाही. हवा तसा निकाल दाखवण्याचा मोह किती खोल असतो, हे मात्र या विषयाने स्वतःबद्दल जाहीरपणे मान्य केलं. मला त्याचा अभिमान वाटतो. आकडा जुळवायची सवय पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये लागते, म्हणून ती तिथेच थांबवायची.

दुपारी १२.००

स्टाफरूममध्ये स्वाध्यायांचे विषय ठरवते. कॉपी आणि चॅटजीपीटी यांचा नियम दर वर्षी नव्याने लिहावा लागतो. सध्याचा असा: समजून घ्यायला मदत घेतली तर कशाची आणि कशासाठी घेतली ते शेवटी लिहा. लिहिलेलं उत्तर मात्र तुमचंच हवं, आणि मी विचारलं तर पाच मिनिटं तोंडी समजावता आलं पाहिजे. विषयही असे देते की उत्तर आयतं मिळू नये. तुमच्या गावातल्या आठवडी बाजारात तासभर उभं राहा, घासाघीस कशी चालते त्याची नोंद करा, लोकांची नावं न लिहिता. निरीक्षण आणि अनुमान दोन रकान्यांत वेगवेगळी लिहा. "बाई चिडली" हे अनुमान झालं. "बाईने पिशवी उचलली आणि दोन पावलं मागे गेली" हे निरीक्षण. हा फरक ज्याला जमला, त्याला विषयाचा दरवाजा उघडला.

मुदत चुकली तर? पहिल्यांदा तीन दिवसांची सवलत, कारण विचारत नाही. त्यानंतर गुण कापले जातात. शेतीची कामं, घरकाम, अर्धवेळ नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांना प्रत्येक वेळी आपली अडचण उलगडून सांगायला लावणं मला योग्य वाटत नाही.

दुपारी १.३०

हा तास विद्यार्थ्यांना भेटण्याचा. मानसशास्त्राच्या शिक्षकाच्या दाराशी जी मुलं येतात, ती सगळी अभ्यासाचं विचारायला येत नाहीत. म्हणून या तासाच्या सीमा पत्रकात आधीच लिहिलेल्या असतात आणि मी त्या मोठ्याने वाचूनही दाखवते.

पहिली सीमा: स्वतःचं दुःख वर्गात सांगणं किंवा लिहिणं कोणालाही सक्तीचं नाही. त्यावर गुण नाहीत. दुसरी: कोणावरही रोगाचा शिक्का मारायचा नाही. नैराश्याचं प्रकरण शिकलं की वहिनी नैराश्यात दिसू लागते, मित्र वेडसर वाटू लागतो. निदान करणं हे प्रशिक्षित तज्ज्ञाचं काम आहे. तिसरी सीमा माझ्यासाठी आहे: मी शिक्षिका आहे, तुमची समुपदेशक नाही. ऐकून घेईन, सोबत येईन, योग्य माणसापर्यंत पोहोचवेन. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक पत्रकाच्या तळाशी आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

चौथी सीमा सांगताना मला शब्द जपून वापरावे लागतात. तुम्ही सांगितलेलं मी कोणाला सांगणार नाही, पण दोन गोष्टी अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आणि अठरा वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. मुलीने मन मोकळं करण्याआधी तिला हे माहीत असायलाच हवं. सगळं ऐकून झाल्यावर ही अट सांगणं म्हणजे विश्वासघात आहे.

आज आलेली मुलगी दारातच विचारते, "मॅडम, घरी फोन जाईल का?" मी पत्रकातली ती ओळ तिला वाचून दाखवते. ती खुर्ची ओढून बसते. पुढचं तिचं आहे, ते इथे लिहायचं नाही.

दुपारी ३.००

छोट्या चाचण्यांचं काम. दर आठवड्याला पाच प्रश्न, दहा मिनिटं. मुलं कुरकुरतात, पण याचंही कारण पत्रकात आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी दुसऱ्यांदा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड पुन्हापुन्हा वाचणाऱ्याला सगळं येतंय असं वाटतं ते याचमुळे. म्हणून या चाचण्या, आणि म्हणूनच त्यातली सर्वांत कमी गुणांची एक मी धरत नाही. हेतू शिकवण्याचा आहे, धाक घालण्याचा नाही.

पत्रकात माझ्यावरचे नियमही आहेत. कागद आठवड्याच्या आत परत. गुण का गेले ते एका वाक्यात लिहिलेलं. कोणाचेही गुण वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत. तास बुडाला तर तो भरून देणं माझी जबाबदारी. हे नियम मोडले तर बोलून दाखवायचा हक्क विद्यार्थ्यांना आहे.

संध्याकाळी ४.३०

निघता निघता एक वडील भेटतात. मुलीने हा विषय घेतलाय, पुढे काय? खरं तेच सांगते. फक्त बीए करून कोणी मानसोपचार करू शकत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतरचं व्यावसायिक प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वाट लांब आहे, खर्चाची आहे. शिक्षण, मनुष्यबळ, समाजकार्य, संशोधन अशा इतरही वाटा आहेत. खोटी आशा दाखवून भरलेल्या वर्गापेक्षा खरं कळून आलेले थोडे विद्यार्थी मला हवेत.

हा विषय शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: नियम भिंतीवर लावू नका, वर्गात बसून समजावा. ज्याचं कारण सांगता येत नाही तो नियम काढून टाका. आणि पहिल्या वर्षात आलेल्या मुलांनो, प्रत्येक नियमाला "का?" विचारा. उत्तर मिळालं तर तो पाळा, नाही मिळालं तर पुन्हा विचारा. मानसशास्त्राचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.