वाट विचारा यंत्रालाच

घरून काम करताना ऑफिसचा व्हीपीएन लागतो, सगळं नेट त्यातूनच जातं, मेल येते. पण ऑफिसमधला एक सर्व्हर काही केल्या उघडत नाही. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२०. आपण लॅपटॉप बंद करून परत चालू करतो, राउटरची पिन काढून लावतो. उपयोग शून्य, कारण बिघडलेलं काहीच नसतं.

लिनक्सवर अशा वेळी टर्मिनल उघडावं आणि ‘आयपी रूट गेट’ लिहून पुढे तो पत्ता द्यावा. ही आज्ञा काहीही बदलत नाही. ‘या पत्त्याकडे निघालास तर कुठल्या वाटेनं जाशील?’ एवढंच ती यंत्राला विचारते. उत्तर एका ओळीत येतं: वायफायवरून, थेट. व्हीपीएनचं नावही नाही. घरच्या राउटरनं वाटलेले पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होतात. त्यामुळे लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो.

हे पत्ते असे जुळतात त्याला कारण आहे. पत्त्याच्या ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात. म्हणून खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले गेले. १० पासून सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. ते कुणीही, कितीही ठिकाणी वापरावेत. लाखो घरांत म्हणूनच एकच पत्ता नांदतो.

आता यंत्र वाट ठरवतं कशी? ‘आयपी रूट’ एवढंच लिहिलं की त्याची वही समोर येते. ‘डिफॉल्ट’ची ओळ म्हणजे गावाची वेस: ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही ते सगळं तिथून बाहेर. बाकीच्या ओळींत पत्त्यांचे गट असतात आणि तिरप्या रेषेनंतरचा आकडा सांगतो की सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत. नियम एकच: जास्तीत जास्त बिट जुळवणारी ओळ जिंकते. व्हीपीएनची ‘डिफॉल्ट’ शून्य बिटांची, घरच्या वायफायची ओळ २४ बिटांची. म्हणून घर जिंकलं. त्यावर उपायही याच नियमात आहे. ‘आयपी रूट ॲड’नं त्या एकाच सर्व्हरसाठी ३२ बिटांची ओळ व्हीपीएनकडे वळवायची. ३२ च्या वर कुणी जाऊच शकत नाही.

हाच नियम संपूर्ण इंटरनेटला लागू आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरतं यूट्यूब अडवायला २४ बिटांची एक वाट तयार केली आणि ती बाहेर जगभर पसरली. यूट्यूबनं स्वतः जाहीर केलेली वाट २२ बिटांची होती. दोन बिटांच्या फरकानं जगातल्या मोठ्या भागाची वाहतूक चुकीच्या दिशेला गेली आणि सुमारे दोन तास यूट्यूब दिसेना. ते सावरताना यूट्यूबनं आधी २४ आणि मग २५ बिटांच्या वाटा जाहीर केल्या. तोडगा तोच, आपल्या लॅपटॉपवरचा.

नेटवर्क तपासताना अनेकांचा हात अजून ‘आयएफकॉन्फिग’ या जुन्या आज्ञेकडे जातो. ती सवय सोडावी असं मला मनापासून वाटतं. ॲलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी ‘आयपी’ ही आज्ञा लिनक्सच्या आजच्या रचनेला धरून लिहिली. एकाच कार्डावर तिनं दिलेला दुसरा पत्ता जुनी आज्ञा बरेचदा दाखवतच नाही. माणूस तासन्‌तास भलत्याच जागी शोधत राहतो.

एक सावधगिरी. दूरच्या सर्व्हरवर ‘डिफॉल्ट’ बदलणं म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणं. आपलंच कनेक्शन तुटतं. पण ‘आयपी’नं केलेले बदल फक्त चालू स्मृतीत असतात, रीस्टार्ट होताच पुसले जातात. म्हणून बदलाला हात घालण्याआधी ‘दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो’ असं सर्व्हरला सांगून ठेवावं. वाट बरोबर निघाली तर ती आज्ञा रद्द करायची आणि तोच बदल सेटिंगच्या फाइलीत कायमचा नोंदवायचा. चुकली, तर दहा मिनिटांनी सर्व्हर आपल्या जुन्या वाटेवर परत येतो.