दर्याचा हिशेब (लेखांक ७) : चोवीस तासांचा हंगाम

मागच्या लेखात आपण पावसाळी मासेमारीबंदीचा कायदा पाहिला. दोन महिने समुद्र बंद ठेवूनही मासा का घटतो, हा प्रश्न तिथे अर्धाच राहिला होता. त्याच्या उत्तरासाठी आज लांब, उत्तर पॅसिफिक महासागरात जायचं आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या मच्छीमारांपुढे हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. त्यांनी आधी बंदीचा काळ ठरवला, मग पकडीची मर्यादा घातली आणि शेवटी त्या मर्यादेची वाटणी केली. प्रत्येक उपायाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला.

मासा आहे हॅलिबट. चपटा, तळाशी राहणारा, आपल्या लेपीच्या जातकुळीतला, पण आकाराने अवाढव्य. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता डावा डोळा डोक्यावरून सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा कुशीवर आडवा होऊन तळाशी पडून राहतो. मादी दोनशे किलोंच्याही पुढे जाते. मात्र ती वयात यायलाच साधारण बारा वर्षं लागतात. बांगडा किंवा बोंबील वर्ष-दोन वर्षांत पुढची पिढी देतो. हॅलिबटच्या बाबतीत एकदा चूक झाली, की ती भरून निघायला माणसाची अर्धी उमेद खर्ची पडते.

या माशाचा मोठा व्यापार १८८८ मध्ये सुरू झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या टाकोमा बंदरात उतरवलेला हॅलिबट बर्फात घालून रेल्वेने थेट बोस्टनला गेला आणि एका किनाऱ्यावरच्या माशाला दुसऱ्या किनाऱ्याची बाजारपेठ मिळाली. पुढे वाफेची जहाजं आली. जवळची ठिकाणं रिकामी होऊ लागली, तशा बोटी उत्तरेकडे अलास्काच्या दिशेने सरकत गेल्या.

इथे विल्यम थॉम्पसन या शास्त्रज्ञाचं काम समजून घेण्यासारखं आहे, कारण मासेमारीचा हिशेब कसा मांडावा हे त्यातून कळतं. बंदरात उतरणाऱ्या मालाचा आकडा बरीच वर्षं चांगला दिसत होता, त्यामुळे मासा भरपूर आहे असं सगळे धरून चालले होते. थॉम्पसनने बोटींच्या नोंदवह्या मागवल्या आणि वेगळा प्रश्न विचारला : एवढ्याच लांबीच्या, एवढ्याच गळांच्या दोरीला पूर्वी किती मासा लागत असे आणि आता किती लागतो? जुन्या ठिकाणी हा आकडा कोसळला होता. बंदरातला आकडा टिकून होता तो नवी ठिकाणं सापडत होती म्हणून, आणि जास्त गळ, जास्त दिवस, जास्त इंधन ओतलं जात होतं म्हणून. मालाचा ढीग बघून समुद्राचा अंदाज बांधणं फसवं असतं. आजही आपल्याकडे एखाद्या वर्षी मासळीचं उत्पादन वाढल्याची बातमी येते, तेव्हा त्यासाठी किती बोटी, किती तास आणि किती डिझेल लागलं हे सोबत छापून येत नाही. ते छापलं गेलं पाहिजे.

२ मार्च १९२३ रोजी अमेरिका आणि कॅनडाने हॅलिबटचा करार केला. ब्रिटनच्या सहीशिवाय कॅनडाने स्वतःच्या अधिकारात केलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार. एका स्वायत्त देशाने आपलं परराष्ट्र धोरण स्वतःच्या हाती घ्यायची सुरुवात माशापासून केली, ही मला इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. करारातून संयुक्त आयोग स्थापन झाला आणि पहिला नियम आला तो बंदीच्या काळाचा : १६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी मासेमारी बंद. हॅलिबटची वीण हिवाळ्यात होते, तेव्हा हे रास्तच होतं. शिवाय हिवाळ्यात तिथला समुद्र खवळलेला असतो, जिवाची जोखीम असते, त्यामुळे ही बंदी मच्छीमारांनाही हवी होती. आपल्या जून-जुलैच्या बंदीशी तिचं नातं इथे जुळतं. दोन्हीकडे वीण आणि वादळ हातात हात घालून येतात.

मासा तरीही घटत राहिला. तीन महिने बंद ठेवल्यावर बोटींनी उरलेल्या नऊ महिन्यांत तेवढाच मासा काढला. वीण घालायला निघालेली मादी डिसेंबरमध्ये वाचली आणि मार्चमध्ये गळाला लागली. समुद्राच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

म्हणून १९३० मध्ये नवा करार झाला आणि १९३२ पासून प्रत्येक विभागाला पकडीची मर्यादा आली. मर्यादा पूर्ण झाली की त्या विभागातली मासेमारी थांबायची, मग तारीख कुठलीही असो. पुढच्या दशकांत मासा वाढला. तो मर्यादेमुळे वाढला की समुद्रातल्या नैसर्गिक चढउतारांमुळे, यावर थॉम्पसन आणि मार्टिन बर्केनरोड यांच्यातला वाद मत्स्यविज्ञानात प्रसिद्ध आहे. माझ्या मते दोन्हींचा वाटा असावा. पण निसर्गाने हात दिला तरी मूळ भांडवल पाण्यात शिल्लक असावं लागतं, आणि ते मर्यादेने राखलं.

मर्यादा सगळ्यांना मिळून एकच होती. अमुक इतका मासा निघेपर्यंत हंगाम चालू, एवढंच ठरलेलं. म्हणजे जो आधी पोहोचेल त्याचा मासा. मग प्रत्येकजण मोठं इंजिन घेऊ लागला, जास्त गळ लावू लागला, नव्या बोटी आल्या. मर्यादा तेवढीच आणि बोटी वाढत्या, त्यामुळे ती लवकर भरू लागली आणि हंगाम आखडत गेला. नऊ महिन्यांचा हंगाम १९५० च्या दशकात काही विभागांत महिनाभरावर आला. मध्यंतरी मच्छीमारांनी आपसांत ठरवून दोन फेऱ्यांमध्ये काही दिवस बोटी बांधून ठेवायची प्रथाही पाळली. तीही पुढे मोडली.

१९९० च्या सुमारास अलास्काच्या मुख्य विभागांत हंगाम उरला वर्षातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी चोवीस तासांचा. तीन हजारांहून अधिक बोटी ठरलेल्या दुपारी एकदम सुटायच्या. त्या दिवशी वादळ असलं तरी निघावंच लागे, कारण तो दिवस गेला की वर्ष गेलं. न झोपता गळ टाकायचे, वेळ संपत आली की दोऱ्या कापून तशाच समुद्रात सोडायच्या. त्या बेवारस गळांना मासा लागत राहायचा आणि तिथेच मरायचा. बोटी बुडायच्या, माणसं जायची. बंदरात एका दिवसात आलेला तो डोंगर ताजा विकणं अशक्य, म्हणून बहुतेक माल गोठवला जाई आणि मच्छीमाराला भाव पडका मिळे. शास्त्रज्ञांनी सांगितलेली मर्यादा जवळपास पाळली जात होती. मासा बऱ्यापैकी सुरक्षित होता, माणूस नव्हता.

१९९५ मध्ये अलास्कात मर्यादेची वाटणी झाली. १९८४ ते १९९० या काळात कोणी किती हॅलिबट उतरवला, त्यावरून प्रत्येकाचा हिस्सा ठरला. दरवर्षी एकूण मर्यादा जाहीर होते आणि आपल्या हिश्श्याइतका मासा आपण हंगामात कधीही धरावा. पहिल्याच वर्षी हंगाम १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा झाला. धावाधाव थांबली. वादळात घरी बसता येऊ लागलं, ताजा मासा बाजारात वर्षातले बरेच महिने मिळू लागला, भाव सुधारला, टाकून दिलेल्या गळांचं प्रमाण घटलं. पुढे बोटींची संख्या हजाराच्या आसपास उतरली.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बरेच लेखक हे यशाची गोष्ट म्हणून सांगतात आणि पुढे जातात. हिस्से मिळाले ते बोटीच्या मालकांना आणि बोट भाड्याने घेऊन चालवणाऱ्यांना. त्याच बोटीवर वर्षानुवर्षं राबलेल्या खलाशांना काही मिळालं नाही. म्हणजे नाखव्याच्या हाती समुद्राचा तुकडा आला आणि खलाशी तसाच राहिला. हिस्सा विकता येतो, त्यामुळे अडीअडचणीत तो विकला गेला. लहान किनारी गावांतून, विशेषतः मूळनिवासींच्या गावांतून, हिस्से बाहेर गेले आणि तिथल्या तरुणाला धंद्यात यायचं तर आधी मोठं कर्ज काढणं आलं. पश्चिम अलास्कातल्या गावांसाठी मात्र वेगळी तरतूद झाली. तिथल्या ६५ गावांना सहा संस्थांमार्फत सामूहिक वाटा मिळतो. तो गावाचा असतो, एका माणसाला विकता येत नाही. मला या साऱ्या व्यवस्थेत हाच भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, मर्यादा म्हणजे हमी नव्हे. आयोग दर उन्हाळ्यात ठरलेल्या शेकडो ठिकाणी गळ टाकून पाहणी करतो, माशाच्या कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजून वय काढतो आणि जानेवारीच्या बैठकीत मर्यादा ठरवतो. एवढं करूनही या शतकात हॅलिबट घटला. त्याच वयाचा मासा पूर्वीपेक्षा लहान भरू लागला. दुसऱ्या माशांसाठी ओढलेल्या ट्रॉलच्या जाळ्यांतही तो मरतो. २००४ नंतरच्या दहा वर्षांत मर्यादा निम्म्याहून खाली आणावी लागली. पण ती आणता आली, कारण मोजणी होती. आकडा खाली आला तेव्हा सगळ्यांचे हिस्से सारख्या प्रमाणात कमी झाले आणि भांडण निदान आकड्यावर झालं.

आता आपल्याकडे या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. ती हवीच. पण सगळ्या माशांची वीण याच दोन महिन्यांत होत नाही, आणि १ ऑगस्टला काय होतं हे किनाऱ्यावरचा प्रत्येकजण पाहतो. किती मासा काढायचा याला आपल्याकडे मर्यादाच नाही. आपण १९२३ च्या टप्प्यावर आहोत आणि बोटी मात्र १९९० च्या आहेत. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांच्या बोटींना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. दिशा बरोबर होती, अंमलबजावणीवरून मात्र कोकणात संघर्ष चालूच राहिला.

हॅलिबटसारखे हिस्से इथे जसेच्या तसे आणा, असं मी म्हणणार नाही. तिथे गळाला बहुतांश एकच जात लागते, आपल्या एका जाळ्यात डझनावारी जाती येतात. शिवाय हिस्से मालकांना वाटले तर खलाशाचं आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराचं काय होईल, हे अलास्काने दाखवलं आहे. पण मोजणी आजच सुरू करता येईल. आपल्या मच्छीमार सहकारी संस्था बोटीगणिक डिझेलचा हिशेब ठेवतात. त्याच वहीत फेरीगणिक मासळीचा रकाना वाढवला, तर थॉम्पसनने विचारलेला प्रश्न आपल्याला विचारता येईल. आणि पुढेमागे मर्यादा आलीच, तर तिचा वाटा संस्थेच्या नावाने असावा, एकट्या मालकाच्या नाही. हा आग्रह मच्छीमारांनी आत्तापासून धरावा.

ग्राहक म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेटं वाट्यावर मांडलेली दिसली तर घेऊ नका, आणि का घेत नाही हे विकणाऱ्या मावशींना सांगा. गिऱ्हाईक काय नाकारतं, हे त्या दुसऱ्या दिवशी लिलावात लक्षात ठेवतात.

(पुढच्या आठवड्यात : डोळ जाळी आणि आसाचा आकार)